आजीच्या फोनवरून गेलेलं उत्तर

तुरीच्या शेंगा सोलत होतो आम्ही दोघं. ओट्यावर, समोरासमोर, मधे परात. दाणे परातीत, फोलपटं सुपात. मी आणि माझी बायको कौसल्या – दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम ते. सोलता सोलता तिनं मान वर न करता विचारलं, "कोमलचा काई निरोप हाये का?" मी म्हणालो, "नाई." आणि पुढची शेंग उचलली.

ते "नाई" खोटं होतं.

किती खोटं होतं, ते मी आजवर कोणापाशी बोललो नाही. पोरीपाशी नाही, नातीपाशी नाही, गवंडीकामातल्या जुन्या जोडीदारांपाशी नाही. कौसल्या गेल्यावर तिच्या फोटोसमोर बसूनही तोंड उघडलं नाही. तुला पहिल्यांदा सांगतो आहे. तू कोण, ते मला ठाऊक नाही. कॉम्प्युटर शिकायला नुकताच आलेला असशील, नाहीतर आलेली असशील. बस. ऐक. माझं शिक्षण पाचवीपर्यंत. जमेल तसं पुस्तकी लिहितो, मधे आमची बोली घुसली तर घुसू दे.

झालं असं, की आमच्या पल्लवीनं आणि तिच्या सोबत्यांनी फोनवर एक जागा बनवली आहे. नव्या पोरापोरींसाठी. नाव काय, तर "आजीले सांग"! तुझं जे अडलं ते तिथं लिहायचं, तर ती जागा तुला फक्त विचारते, "मंग?" तू पुढचं लिहायचं. ती पुन्हा विचारते, "नाई समजलं, पुन्हा सांग." बस, एवढंच! आणि लिहिता लिहिता तुझी चूक तुलाच सापडते! मी स्वतः पाहिलं आहे, डोळ्यांनी. पल्लवी म्हणाली, "आबा, ही आजी कोन होती ते लोकायले कळलं पायजे. दोन ओळी लिवून द्या, वर टाकतो." दोन ओळी! चार दिवस झाले, अर्धी वही भरली, आणि त्या दोन ओळी काही निघत नाहीत. कारण कौसल्येबद्दल खरं लिहायला बसलो की माझं खोटं मधे येतं. ते बाजूला सारून लिहू कसं?

तर आधी तिचं सांगतो. माझं येईलच.

पल्लवी आमच्या पोरीची पोरगी. मंगरूळपीरला कॉलेज म्हणून आमच्याकडे राहायला आली, पहिल्या वर्षाला. दुसऱ्याच आठवड्यात घरी येऊन टॉवेलात तोंड घालून रडली. सगळं इंग्रजीत, सर भराभरा सांगतात, बाकीच्यांना येतं, मलाच येत नाही. तिच्यासारखी खेड्यापाड्यातली, मराठी शाळेतली बारा पोरं होती. त्यांनी फोनवर एक ग्रुप केला – रोज पाच वाजता, एकमेकांची तोंडं बघत अभ्यास. पण पहिले आठ दिवस काय झालं माहीत आहे? कोणी बोललंच नाही! बाराही जणांना वाटत होतं, आपल्यालाच येत नाही. सर विचारतात तसं एकानं विचारायचं, "समजलं का?" आणि अकरा जणांनी मुंडी हलवायची. मी खाटेवरून बघत होतो. म्हटलं, हा काय अभ्यास आहे का मुंड्या हलवायचा कारखाना?

मग एक दिवस पल्लवी अडली. कॉम्प्युटरनं काय करायचं ते ओळीओळीनं लिहून द्यायचं असतं, ते तिचं चालेना. कौसल्या शेजारी मेथी निवडत होती. म्हणाली, "काय झालं वं माय? मले सांग."

"तुले काय कळते त्यातलं, आजी!"

"नाई कळत. म्हनूनच म्हनलं, सांग."

पल्लवी चिडून सांगायला लागली. पहिल्या ओळीत असं केलं. "मंग?" दुसऱ्या ओळीत तसं केलं. "मंग?" तिसऱ्या ओळीवर पल्लवी थांबली, आणि अशी ओरडली, अशी ओरडली, की शेजारची म्हातारी काठी घेऊन आली! चूक तिसऱ्या ओळीत होती. आजीला कळलं काहीच नव्हतं, पण सांगता सांगता पल्लवीला दिसली. आणि हे सगळं समोरच्या फोनमधून अकरा जणं बघत होती. त्यातला एक पोट्टा म्हणाला, "पल्लवी, फोन जरा आजीकडं कर ना. माह्यंबी अडलं हाये."

त्या दिवसापासून नियम झाला. अडलं की सरांना नाही, एकमेकांना नाही, आधी आजीले सांगायचं. आपल्या बोलीत. एकेक ओळ. आणि कौसल्या – जिला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं, जी अंगठा लावायची – ती भाजी निवडता निवडता सांगायची, "नाई समजलं मले. पुन्हा सांग." लाजायची नाही! तिचं ऐकून पोरं पण लाजेनाशी झाली. "मलेबी नाई समजलं." "अबे, मले तर कालचंच नाई समजलं!" एकदा ते तोंडातून निघालं, आणि काय सांगू तुला, पाच वाजले की आमच्या घरात लग्नघरासारखा गलका!

एका पोट्ट्याला दहा वेळा "जयभीम" छापायचं होतं. छापणं चालू झालं ते थांबेच ना. शंभर, हजार, फोन भरून वाहायला लागला. तो सांगायला लागला – आजी, मोजणी एकापासून. "मंग?" दहा होईपर्यंत छापत राहायचं. "मंग?" मग... मग... कौसल्या म्हणाली, "तो दहापर्यंत जाईन कसा? तू त्याले एकावरच उभा करून ठेवला ना बापा, पुढं ढकलला कुठी?" आणि खरंच! मोजणी वाढवायची ओळच त्यानं लिहिली नव्हती! बारा जणं हसून हसून लोळली. मी पण हसलो. अडाणी बाईनं चूक पकडली!

आणि शून्याची गोष्ट! ती तर सांगितलीच पाहिजे. ह्या पोरांची मोजणी शून्यापासून. कॉम्प्युटरात माहिती ठेवायची ती डब्यांच्या रांगेत, आणि रांगेतला पहिला डबा तो शून्य नंबरचा. कौसल्या ऐकेना. "पयल्याले शून्य कायले म्हनता? तो काय रिकामा हाये का?" कोणाला सांगता येईना. तेव्हा एक बारीक आवाज आला, काच फुटलेल्या फोनमधून – "आजी, नंबर डब्याचा नसते. सुरुवातीपासून किती पावलं चालाचं, ते असते. पयल्या डब्यापाशी आपन उभेच हावो ना, तं शून्य पावलं."

मी खाटेवरून उठून बसलो! अरे, टेप! चाळीस वर्षं मी भिंतीला टेप लावला, टेपचा पहिला आकडा शून्यच असतो! मी एवढ्यांदा ओरडलो, "बरोबर हाये! टेपसारखं!" की पोरं म्हणाली, "आबालेबी समजलं!" आयुष्यात पहिल्यांदा मला एखाद्या शिकवणीत काही समजलं होतं. त्या दिवशी मला रात्रीची भाकर गोड लागली, खोटं नाही.

तो बारीक आवाज कोमलचा.

बघ, आलोच तिच्यापाशी. कितीदा फिरून येतो मी, तरी ह्या पोरीपाशीच येतो.

कोमलचं गाव जऊळक्याकडचं. आईबाप दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे, ते उन्हाळ्यात परत. ती मंगरूळपीरला मामाकडे राहून शिकत होती. कॉलेज सुटलं की घर, घरातलं काम, कुठं जायची मुभा नाही. आमचं घर एवढं जवळ, पण ती कधी आली नाही. फोनवरच. सगळे गेले की ती दहा मिनिटं थांबायची. मग कॉम्प्युटरचं बोलणं नसायचं. आईचा फोन आला का, भाजी कशाची केली, मामी काय बोलली. कौसल्या शेवटी एकच विचारायची – "तू जेवली का?" पहिल्या चाचणीत ती नापास झाली. कौसल्या म्हणाली, "मंग? त्यात काय? पुन्हा सांग." आणि पोरगी पुन्हा अभ्यासाला लागली! त्या दहा मिनिटांवर ती टिकून होती, हे मला दिसत होतं. मी काही आंधळा नव्हतो.

आता ऐक, माझा हात ह्यात कसा आला. कौसल्येच्या फोनवर पोरांचे लिहिलेले निरोप यायचे. पल्लवी दिवसा कॉलेजात. मग कौसल्या फोन माझ्या हाती द्यायची – "काय लिवलं, वाचा." मी वाचायचो. ती बोलायची, मी एका बोटानं एकेक अक्षर शोधून लिहायचो. तिचा शब्द मी कधी बदलला नाही. मला त्याचा डौल वाटायचा. ज्ञान तिचं, पण अक्षर माझं! पोरं तिला विचारत, पण उत्तर माझ्या बोटातून जाई.

तेच बोट.

माझी दाढ दुखत होती त्या दिवशी. गाल सुजलेला. मी आत येऊन म्हणालो, मीठपाणी गरम करून दे. पाच वाजून गेले होते. कौसल्येनं माझ्याकडे न बघता हाताचं एक बोट वर केलं. थांबा म्हणून. "पोरगी अडली हाये." आणि फोनकडे वळून म्हणाली, "मंग?"

एवढंच. तुला हसू येईल. एक बोट! पण चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात ती मला "मंग?" असं कधी म्हणाली होती? मी कामावरून यायचो, ताट वाढायची, "जेवा" म्हणायची. मी तरी तिला काय सांगितलं होतं कधी? काहीच नाही. आता म्हातारपणी सांगावंसं वाटू लागलं, तर तिचा कान बारा पोरांनी नेला होता. आणि तेराव्याला, मला, तिनं बोट दाखवलं. त्या दिवशी अडलेली पोरगी कोमल होती.

मीठपाणी मी स्वतः गरम केलं. पातेलं आपटलं. तिनं ऐकलंही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पीठ दळायला गिरणीवर गेली. फोन खाटेवर. वाजला. कोमलचा निरोप. बोलून नाही, लिहून – घरात मामी असेल, बोलता येत नसेल. मला तो तोंडपाठ आहे. "आजी, मामा म्हणतात शिकणं बंद कर. उद्या कॉलेजात नाव काढायला येणार आहेत. मी सोडू का? तुम्ही नाही म्हणा, म्हणजे मी भांडते. तुम्ही म्हणाल तेच करीन."

तुम्ही नाही म्हणा, म्हणजे मी भांडते. बघतोस? तिनं उत्तर पण स्वतःच लिहून दिलं होतं. फक्त "नाही" एवढं लिहायचं होतं. दोन अक्षरं.

कौसल्या गिरणीवरून येईपर्यंत मी थांबू शकत होतो. किती वेळ लागला असता? अर्धा तास. मी थांबलो नाही. मी एका बोटानं, एकेक अक्षर शोधून – सावकाश, म्हणजे विचार करायला भरपूर वेळ होता मला – लिहिलं, "सोडून दे. घरचे म्हणतात ते ऐक. हे तुझ्यानं होणार नाही."

पाठवलं. आजीच्या नावानं.

तिचं उत्तर लगेच आलं. "बरं आजी."

मी दोन्ही निरोप पुसून टाकले. आमच्या फोनमधून. तिच्या फोनमध्ये असेलच.

मला तेव्हा कसं वाटलं, विचारशील? खरं सांगू? बरं वाटलं. दाढ कमी ठणकली. संध्याकाळी पाच वाजता अकराच जणं जमली, आणि सगळ्यांचं झाल्यावर कौसल्या मोकळी झाली. मी तिला माझी एक जुनी गोष्ट सांगायला बसलो, कारंज्याला एका पेढीची भिंत आम्ही कशी सावरली ती. ती ऐकत होती, पण मधेच म्हणाली, "कोमल काहून आली नसन?"

मग रोज तेच. ग्रुपमध्ये कोमलनं लिहिलं, घरची अडचण आहे, आणि निघून गेली. पल्लवीनं फोन केले, तिनं उचलले नाहीत. कौसल्या मला म्हणे, तुमी लावून पाहा. मी नंबर न लावताच फोन कानाशी धरून बसे, आणि म्हणे, "लागत नाई." एक दिवस ती पल्लवीला म्हणाली, "माह्याकून काई चुकलं असन का वं? मी पोरीले काई जास्तीचं बोलली असन." तीन हात अंतरावर बसून मी हे ऐकलं. तेव्हा तरी बोलायचं ना? तेव्हा तरी? मी पेपर वाचत होतो. पेपरचं पान उलटलं.

कौसल्या हे मनात घेऊन गेली, की आपलं काही चुकलं.

तिला जाऊन आता दोन वर्षं होतील. ती गेल्यावर महिनाभर पाच वाजता घर मुकं होतं. एक दिवस पल्लवीनं फोन माझ्यासमोर उभा केला. "आबा, तुमी बसा. पोट्टे अडून राह्यले." मी म्हणालो, मला काय कळतं! बारांतल्या उरलेल्या अकरा जणांनी एकदम सांगितलं, "म्हनूनच!" आणि मी बसलो. कौसल्येच्या जागी. सुरुवातीला "मंग?" म्हणताना माझा आवाज फाटायचा. आता काय सांगू! आता नव्या वर्षाची पोरं येतात, तोंडं फोनमध्ये मावत नाहीत. परवा एका पोरीला मी सांगितलं, बेरीज सुरू करायच्या आधी पाटी कोरी केली का? तिनं बघितलं, केलीच नव्हती! "आबा, चाललं! चाललं!" आणि मी एकटा ओट्यावर टाळ्या वाजवतो. सत्तरी ओलांडलेला माणूस, दात नाहीत, पाच वाजायची वाट बघतो. असं सुख मला कधी झालं नव्हतं. आणि ते मी कोणाच्या जागेवर बसून, कोणाला उठवून घेतो आहे?

पोरांनी ही नवी जागा बनवली तेव्हा कोणीतरी म्हणालं, शून्य समजावून सांगणारी कोमल कुठं आहे? तिलाही घेऊ. पल्लवीनं शोध लावला. जऊळक्याला स्टेशनजवळ झेरॉक्सच्या दुकानात बसते. दुसऱ्यांच्या पोरांचे कॉलेजचे फॉर्म भरून देते, कॉम्प्युटरवर. पल्लवीनं विचारलं, येतेस का आमच्यात? तिनं उत्तर पाठवलं – "आजीनं मला ओळखलं होतं. मी त्यातली नाही."

पल्लवीनं ते मला वाचून दाखवलं आणि म्हणाली, "आजी असं म्हनन का कधी?" मी उठलो. त्याच दिवशी वही काढली.

ही वही पल्लवीच्या हाती देणार आहे. आधी कोमलला पाठव, आणि तिचं उत्तर येवो न येवो, मग तुमच्या त्या जागेवर टाक, असं सांगणार आहे. ज्या आजीनं कोणाला कधी "तुझ्यानं होणार नाही" म्हटलं नाही, तिच्या नावावरचं ते वाक्य माझं आहे. पाचला तुम्ही मला बसवा, नाहीतर नका बसवू. ते तुमचं तुम्ही बघा.

पण अजून एक राहिलं. निरोपाचं सांगितलं म्हणजे सगळं सांगितलं, असं नाही.

त्या दिवशी शेंगा सोलून झाल्या. कौसल्या दाणे घेऊन आत गेली, फोडणीला टाकते म्हणाली, आणि चुलीपाशी बसली ती उठली नाही. ऑटो दवाखान्यात पोचायच्या आधी सगळं संपलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला घरात ठेवलं होतं. पांढरं पातळ, मेणबत्त्या. पल्लवी तिच्या उशाशी. बुद्धवंदना व्हायची होती, माणसं जमत होती. मी ओट्यावर बसलो होतो. तेवढ्यात एक बारीक पोरगी आली, पाठीला कॉलेजची बॅग. रात्री ग्रुपमधल्या कोणी कळवलं असेल, पहिल्या गाडीनं आली होती. मी तिला कधी धड बघितलं नव्हतं, पण आवाज ऐकल्याबरोबर ओळखलं.

आत जाऊन ती कौसल्येच्या पाया पडली. बाहेर आली, माझ्यासमोर उकिडवी बसली. म्हणाली, "आबा, एक विचारू? आता इचाराले नाई पायजे. पन सर म्हनतात, या आठवड्यात आली तं नाव पुन्हा लावून घेऊ. बाबालेबी मी मनवलं हाये. आजीनं ते रागानं तं नव्हतं ना लिवलं? तुमीच लिवून देत होते ना त्यायचं. तुमाले ठाऊक असन."

ती विचारत होती. मला. कौसल्या आत निजलेली. दार उघडं. मी म्हटलं असतं, पोरी, ते मी लिहिलं, तर ती तिथून उठून कॉलेजात गेली असती. तिच्या बॅगेत फॉर्म होता, त्याचं टोक दिसत होतं. पण ओट्यावर माणसं होती. माझे जोडीदार होते, जावई होता. माझ्याकडे सगळे दुःखी माणसाकडे बघतात तसे बघत होते.

मी म्हणालो, "नाई. रागानं नाई. तिनं इचार करूनच सांगतलं होतं."

पोरीनं मान हलवली. उठली. आमच्या ओट्यावरून समोर फाटा दिसतो – एक रस्ता कॉलेजकडे जातो, एक एस.टी. स्टँडकडे. ती फाट्यावर गेली आणि थांबली. मागे वळून माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

मी हात वर केला आणि तिला स्टँडचा रस्ता दाखवला.